म्हशीला कागद आधी द्यायचा नाही

"वहिनी, आज पानं हळू उलटा. पाहुणे बसलेत आत," बिपिन म्हणाला आणि कागदांचा गठ्ठा त्यानं माझ्या स्टँडवर पालथा ठेवला.

पालथाच ठेवायचा, हा त्याचा नियम होता. काचेपलीकडचा लाल दिवा लागेपर्यंत मी त्याला हात लावायचा नाही. माझ्यासमोर हातभर अंतरावर, दुसऱ्या माइकपाशी, माझा नवरा उदय उभा होता. त्याला कागद शनिवारीच मिळायचे. खुणा करून, घड्या घालून त्याची पानं मऊ पडलेली असायची. माझी कोरी करकरीत.

"दळवी मॅडम आल्यात?" उदयनं विचारलं.

"आल्यात. मिसळ झेपली नाही त्यांना, दोन ग्लास ताक प्यायल्यात. आता हसवायचं काम आपलं."

"हसतील," उदय म्हणाला. "आज तर हसतीलच."

तोंडावर मी उदयला अहो म्हणते. लिहिताना म्हणणार नाही.

स्टुडिओ म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्याची माडी. खाली लेथ मशिनं चालायची, त्यामुळं रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, कारखान्यांच्या सुट्टीला. भिंतींना बिपिननं घोंगडी ठोकली होती, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा लावला की माइकमध्ये यायचा, म्हणून पंखा बंद. त्या घोंगड्यांच्या वासात घाम गाळत उभं राहून आम्ही महाराष्ट्रातल्या पोरांना हसवत होतो.

कार्टूनचं नाव होतं 'बगळेराव आणि रंगू'. रंगू ही म्हैस. बगळेराव हा तिच्या पाठीवर दिवसभर बसणारा बगळा. बगळेरावाला वाटायचं, आपण सरदार आहोत आणि ही आपली घोडी. तो वर बसून हुकूम सोडायचा, तिला वाट्टेल ते बोलायचा. ती रवंथ करत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "व्हय जी, बगळेराव." प्रत्येक भागाच्या शेवटी तो कुठल्यातरी चिखलात पडायचा आणि चिखलातूनच ओरडायचा, "चल, घरी ने मला." त्यावरही ती तेच म्हणायची. बगळा उदय, म्हैस मी.

मी मूळची बालवाडीची बाई. उदय मात्र नट होता, राज्य नाट्यस्पर्धेतली पदकं मिळवलेला. मुंबईत दोन वर्षं काढून परत आला होता आणि सूतगिरणीच्या ऑफिसात बसत होता. त्या परत येण्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. बिपिन त्याचा नाटकातला धाकटा दोस्त. त्यानं कार्टून काढायचं ठरवल्यावर बगळेरावासाठी दुसऱ्या कुणाचं नाव मनातसुद्धा आणलं नाही. म्हशीसाठी एक नटी ठरली होती, ती पहिल्याच दिवशी आली नाही. उदय चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला मी गेले, तर बिपिन म्हणाला, "वहिनी, तेवढ्या म्हशीच्या ओळी वाचा, उदयदाला उत्तर मिळालं म्हणजे झालं."

उदय बगळेरावाच्या आवाजात खेकसला, "रंगे, तुझ्या डोक्यात काही आहे का नाही?"

मला कागदावरची ओळ सापडेना. बोट फिरवत शोधली, वाचली, समजून घेतली आणि मग म्हणाले, "आत कदी बघितलं न्हाई जी. वर शिंगं हायत."

काचेपलीकडं बिपिन टेबलावर डोकं टेकून हसत होता. त्या नटीला त्यानं परत बोलावलंच नाही. आणि त्या दिवसापासून नियम झाला, की म्हशीला कागद आधी द्यायचा नाही. बगळ्यानं तयारी करून टोचायचं आणि म्हशीला ते तिथंच, माइकसमोर, पहिल्यांदा कळायचं. माझं ते थांबणं, ओळ शोधणं, अपमान गळ्याखाली उतरवणं, ते सगळं टेपवर जायचं. मग बिपिनची चित्रं काढणारी मुलं त्या थांबण्यावर म्हशीचा जबडा गोल गोल फिरवायची. लोक म्हणायचे, काय टायमिंग आहे बाईचं. टायमिंग कसलं, मी वाचत असायचे.

बिपिन हुशार होता, हे मला आजही म्हणावं लागतं. एकदा उदयला ताप होता. तरी तो आला, घसा बसलेला, डोळे लाल. त्या दिवशी मी "व्हय जी, बगळेराव" म्हणाले ते जरा मायेनं गेलं. मुद्दाम नाही, नवरा तापानं फणफणला असताना बायकोच्या तोंडून जसं जाईल तसं गेलं. बिपिननं तो अख्खा भाग फेकून दिला.

"शब्द तेच होते की भावजी," मी म्हणाले.

"शब्दांत काही नसतं वहिनी. गंमत दोघांच्या मधे असते." त्यानं दोन बोटं समोरासमोर धरली. "तो टोचतो आणि हिला टोचलेलं कळत नाही, तोपर्यंत पोरं हसतात. ही दुखावली तर तो दुष्ट ठरतो, पण तेही चालवून घेता येतं. ही उलटून बोलली तर भांडण होतं, तेही चालतं. पण हिला त्याची दया आली की खेळ खलास. मग तो बगळा राहत नाही, कुणीतरी बिचारा होतो. बिचाऱ्याला कोण हसणार?"

हे मी ऐकून घेतलं आणि विसरूनही गेले, असं मला वाटत होतं.

दुसरी एक रीत होती. रेकॉर्डिंगआधी बिपिन म्हणायचा, "तोंडं मोकळी करा." आम्ही माइकसमोर उभं राहून घरचंच काहीतरी बोलायचं. उदय माझ्या स्वयंपाकावर घसरायचा, माझ्या बालवाडीतल्या पगारावर, माझ्या माहेरच्या कागलकरांवर. मी उत्तरं द्यायचे. बिपिन ते सगळं रेकॉर्ड करायचा आणि चारदोन आठवड्यांनी आमचं घरातलं बोलणं बगळेराव आणि रंगूच्या तोंडी यायचं. पहिल्यांदा मजा वाटली. आमच्या आमटीतलं मीठ सगळ्या महाराष्ट्रानं चाखलं म्हणून मी मैत्रिणींना सांगत सुटले होते.

मग कधीतरी कागदात अशी वाक्यं यायला लागली, जी माइकसमोर बोललो नव्हतो. मी उदयला विचारलं. तो म्हणाला, "असेल की बोललेलं, तुझ्या काय ध्यानात राहतं?" माझ्या ध्यानात फारसं राहत नाही, हे आमच्या घरात ठरून गेलेलं होतं.

तर त्या सोमवारी दळवी मॅडम आल्या होत्या. मुंबईच्या चॅनेलनं आमचे तेरा भाग चाचणी म्हणून दाखवले होते. पोरांना आवडले होते. आता पुढं वर्षभराचं काम द्यायचं का नाही, ते मॅडम आमचं रेकॉर्डिंग डोळ्यांनी बघून ठरवणार होत्या. दिलं तर सगळं बाड मुंबईला हलणार होतं. उदय परत मुंबईला जाणार होता, आणि या वेळी बोलावलेला म्हणून. त्यानं शुक्रवारीच सूतगिरणीत राजीनामा दिला होता. मला रविवारी सांगितला, मी आमटीला फोडणी देत असताना.

"नाही दिलं काम तर?" मी विचारलं होतं.

"देणारच. सोमवारचा सीन तू बघ तर."

"दाखवा की मग."

"म्हशीला कागद आधी द्यायचा नाही," असं म्हणून तो हसला होता.

लाल दिवा लागला. मी गठ्ठा सुलटा केला.

पहिल्या सीनमध्ये गोठा होता. दुपारची वेळ, रंगू एकटी. ती भुशाचं एक पोतं पुढ्यात घेऊन बसली आहे. पोत्याला तिनं एक जुनं धडुतं गुंडाळलंय आणि पायानं ती त्याला थोपटते आहे. दाराशी बगळेराव येतो.

"रंगे, हे काय चाललंय?" उदयचा बगळेराव कधी नव्हे इतका मऊ बोलला. तयारीचा होता तो.

माझी ओळ मला लगेच सापडली. "हळू बोला बगळेराव. आत्ता डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"पोत्याचा."

काचेपलीकडं कुणीतरी खुदकन हसलं.

"अगं रंगे, ते पोतं आहे. भुशाचं पोतं."

इथं माझी ओळ होती. मी ती वाचली आणि थांबले.

ते थांबणं अजून आहे. कुणाच्याही फोनवर सापडेल. जाणकार लोक म्हणतात, मराठी कार्टूनमध्ये असा पॉज दुसरा नाही. त्या पॉजमध्ये काय होतं ते सांगते.

सहा वर्षांपूर्वी मला सातव्या महिन्यात मुलगा झाला होता आणि तो रडला नव्हता. दवाखान्यात सगळ्यात आधी मी तेच बोलले उदयशी, "रडलं नाही ओ ते." नंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि आम्ही बोललोही नाही. माझ्या आईनं तिच्या जुन्या नऊवारीचं एक दुपटं शिवून ठेवलं होतं. ते मी कुणाला दिलं नाही. दुपारी बालवाडीतून आल्यावर, घरात कुणी नसताना, ते उशीला गुंडाळायचे, शेजारी घेऊन पडायचे आणि थोपटायचे. मला वेड लागलेलं नव्हतं. उशी आहे हे मला ठाऊक होतं. हाताला सवय लागायची होती ती लागलीच नाही, म्हणून हात ते करायचा.

एकदा उदय दुपारी लवकर आला. दाराशी उभा राहिला. मी डोळे मिटून पडून राहिले, हात मात्र थांबवला नाही, कारण थांबवला असता तर त्यानं पाहिलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यानं दार आवाज न करता लोटून घेतलं आणि परत गेला. संध्याकाळीही काही बोलला नाही. तो कधी फटकळ बोलला, चारचौघांत माझी टिंगल केली, तर मी मनात म्हणायचे, असू दे, पण त्यानं दार हळू लोटलं होतं. आमच्या संसारात मला एवढंच सापडलं होतं आणि त्यावर मी सहा वर्षं काढली होती.

कागदावर माझी ओळ होती, "म्हाइत हाय जी. म्हणून तर रडत न्हाई. गुणाचं हाय."

मी ती बोलले. म्हशीच्या आवाजात, सपाट, नेहमीसारखी. बोलले, कारण लाल दिवा चालू होता आणि समोर ओळ होती आणि मला तेवढंच येत होतं.

काचेपलीकडं दळवी मॅडम वाकून वाकून हसत होत्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. त्यांच्यासोबतचा माणूस बिपिनची पाठ थोपटत होता. हेडफोनमध्ये बिपिनचा आवाज आला, "वहिनी, पाया पडतो तुमच्या. याला दुसरा टेक नाही. दोन मिनिटं पाणी प्या, मग तळ्याचा सीन."

दिवा विझला. मी हेडफोन गळ्यात घेतले.

"अहो, हे तुम्ही सांगितलंत?"

"काय?" उदय पानं लावत होता.

"दुपटं."

"दुपटं कुठाय त्यात? पोतं आहे."

त्यानं पानं सारखी केली, पेन्सिल कानावर खोचली आणि काचेकडं बघितलं. मॅडम अजून हसत होत्या. त्याचा चेहरा फुलला होता. मुंबईहून आल्यापासून मी तो असा पाहिला नव्हता.

"बिपिन विचारत होता, म्हैस एकटी असताना काय करत असेल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी सांगितलं. आपलं आहे असं नाही सांगितलं काही, पण त्याला कळलं असेल. हुशार आहे. आणि बघ की शैले, कशी हसली बाई. इतकं आजवर कुणी हसलं होतं?"

"नव्हतं हसलं."

"मग?" तो थोडा जवळ आला. "सहा वर्षं नुसती थोपटत बसलीस. त्याचा काय उपयोग झाला? इथं निदान कामाला तरी आलं."

मला आठवतं, त्याच्या शर्टाची कॉलर घामानं भिजून मानेला चिकटली होती. कानावरची पेन्सिल त्यानं टोक काढून आणली होती. पानांच्या कडेला त्याच्या बारीक, नेटक्या खुणा होत्या: 'इथे श्वास', 'इथे मऊ', 'इथे तिला वेळ दे'. माझा तो पॉज त्यानं शनिवारीच लिहून ठेवला होता.

मला राग आला नाही. आला असता तर तो त्यांनी वापरला असता. रागावलेली म्हैस चालते, बिपिननंच सांगितलं होतं. मी रडले असते तर पुढच्या भागात म्हैस रडली असती आणि मॅडमनी पुन्हा चष्मा पुसला असता. माझ्याकडचं जे काही निघेल, ते त्या काचेपलीकडं जाऊन हसण्यासारखंच होणार होतं. फक्त एक गोष्ट त्यांना चालणार नव्हती, आणि ती मला चांगली आठवत होती.

"चला," मी म्हणाले. "तळ्याचा सीन."

दिवा लागला.

"रंगे," बगळेराव म्हणाला, "मी वर बसलोय म्हणून तुला जग दिसतं. उद्या मी उडून गेलो तर तुझं काय होईल?"

मी ओळ वाचली. पण थांबले नाही. उदयकडं बघितलं आणि ताप असताना म्हणाले होते तसं म्हणाले, "व्हय जी, बगळेराव. उडा की."

शब्द कागदावरचेच होते. बालवाडीत एखादं पोर चढता येत नसलेल्या पायरीवर चढायला बघतं, तेव्हा मी त्याला म्हणते तसं ते गेलं. चढ हं बाळा, चढ.

उदयची पुढची ओळ यायला उशीर झाला. त्याचा उशीर कधी होत नसे. मग तो मोठ्यानं बोलला, "तुझ्यासारख्या ढब्बूला माझी किंमत काय कळणार?"

"न्हाई कळणार जी," मी म्हणाले. "तुमी बसा. दमला असाल."

'दमला असाल' हे कागदावर नव्हतं. एवढं एकच मी पदरचं घातलं.

बिपिननं दिवा विझवला. "वहिनी, जरा कोरडं घ्या. पुन्हा."

पुन्हा घेतलं. या वेळी मी कागदाबाहेर एक अक्षरही गेले नाही. उदयनं आवाज चढवला. तो जितका चढवायचा, तितकी मी त्याला सांभाळून घ्यायचे. तो टोचायचा आणि मला टोचलेलं कळत होतं, ते त्याला दिसत होतं, आणि तरी मी त्याची समजूत काढत होते. बगळेराव हळूहळू बगळेराव राहिला नाही. माइकसमोर चाळिशीला आलेला एक माणूस बायकोवर ओरडत होता.

हेडफोनमध्ये काचेपलीकडचं बोलणं चुकून ऐकू आलं. बटण दाबलेलंच राहिलं होतं. दळवी मॅडम विचारत होत्या, "हा एवढा का ओरडतोय तिच्यावर?"

उदयनंही ते ऐकलं.

बिपिन आत आला. दार लावून घेतलं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि त्याला सगळं कळलं, कारण कळायला तो सगळ्यात लायक माणूस होता.

"वहिनी, दया नको," तो म्हणाला.

"शब्द तेच आहेत की भावजी."

"शब्दांचं मला नका सांगू." त्यानं घोंगडीला पाठ टेकली. "तो सीन उदयदानं दिला. मी लिहिला. माफी मागायची तर नंतर मागतो. पण तुम्ही खरं सांगा, सीन चांगला नव्हता?"

मी विचार केला. त्यानं खरं विचारलं होतं.

"चांगला होता," मी म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. लावा दिवा."

"शैले," उदय म्हणाला, "राजीनामा दिलाय मी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे ओ. काळजी करू नका," मी म्हणाले. त्याच आवाजात. माइक बंद होता तरी.

त्याचे डोळे एकदम भ्यायलेले दिसले. तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं असावं, की हे माइकपुरतं नाही.

शेवटचा टेक झाला. चिखलात पडलेल्या बगळेरावानं ओरडायचं होतं, "चल, घरी ने मला." तेरा भाग पोरं या वाक्याची वाट बघत बसायची. उदयनं तोंड उघडलं आणि मधेच त्याचा आवाज फाटला. "घरी ने मला," एवढंच बाहेर आलं, आणि ते हुकूम राहिलं नव्हतं, विनवणी झालं होतं.

मी म्हणाले, "व्हय जी, बगळेराव."

तो स्टुलावर बसला. काचेपलीकडं कुणी हसत नव्हतं. मॅडमच्या सोबतचा माणूस दाराशी त्यांच्या चपला शोधत होता.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या आत आल्या, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "पहिला सीन अप्रतिम होता. तसं मी कधी ऐकलं नाही. पण नंतर मला त्या बगळ्याची लाज वाटायला लागली. लहान मुलांना लाज वाटली ना, की ती चॅनेल बदलतात." मग त्या उदयला काहीतरी बोलणार होत्या, पण त्याच्याकडं बघून नुसताच नमस्कार करून गेल्या.

काम मिळालं नाही. बिपिननं नंतर दुसऱ्या म्हशी आणून बघितल्या, आवाज माझ्यापेक्षा चांगले होते. पण उदयला त्यांना टोचता येईना. समोरची आपल्याला सांभाळून घेईल, या भीतीनं तो प्रत्येक ओळीनंतर थांबायचा. बिपिन पुण्याला गेला आणि तिथं त्याचं बरं चाललंय. जायच्या आधी त्यानं तो पोत्याचा सीन तेवढा पूर्ण केला आणि इंटरनेटवर टाकला. लाखो लोकांनी बघितलाय. आमच्या वरच्या मजल्यावरची पोरं जिन्यात मला अडवतात, "काकू, म्हणून दाखवा ना, गुणाचं हाय." मी म्हणून दाखवते, पॉज घेऊन. पोरं हसत हसत वर पळतात.

त्या सोमवारी घरी आल्यावर मी दुपटं धुतलं, वाळवलं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. पुन्हा काढलं नाही. गरजच पडली नाही.

सूतगिरणीनं उदयला परत घेतलं नाही. तो साड्यांच्या सेलच्या रिक्षांसाठी आवाज देतो, भोंग्यावरून. घरी येतो आणि मला टोचायला बघतो. मीठ, भाकरी, माझं माहेर, सगळं तेच. मी त्याला म्हणते, "असू दे. दमला असाल." एकदा त्यानं ताट भिरकावलं. मी सांडलेलं वेचलं, फरशी पुसली आणि विचारलं, "लागलं का कुठं?" आमच्या ओळखीतल्या बायका म्हणतात, उदयरावांनी नशीब काढलं, अशी शांत बायको मिळायला पुण्य लागतं. त्याच्यासमोर म्हणतात. तो खाली बघतो.

गेल्या आठवड्यात जेवताना त्यानं घास ताटात परत ठेवला.

"शैले," तो म्हणाला, "एकदा शिवी दे. भांड माझ्याशी. तोंडावर थुंक, पण तो आवाज बंद कर."

मी त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली, शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिले.

"व्हय जी," मी म्हणाले.